दोन बोटं माया

शिंपीकामात माया म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासमोर मास्तर हातातला कपडा उलटा करायचे. टीप मारल्यावर आतल्या बाजूला दोन बोटं जास्तीचं कापड सुटलेलं असतं, ती माया. कपडा अंगावर असताना ती दिसत नाही. माणूस जाड झाला, पोरगी वाढली, की टीप उसवायची, मायेतलं थोडं बाहेर काढायचं आणि त्याच कपड्याला आणखी दोन वर्षं चालवायचं. दुकानात मिळणाऱ्या तयार कपड्यांवर मास्तरांचा राग होता तो एवढ्याचसाठी. "आत हात घालून बघा," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "करंगळीएवढीही माया नाही. हा कपडा शिवणाऱ्याला तुम्ही जगाल असं वाटलेलंच नाही."

आता गंमत अशी की गल्लीतल्या प्रार्थनेच्या सभागृहात प्रवचन करणारे गुरुजी दर आठवड्याला सांगत, माया सोडा. मास्तर तिथे कधी पाऊल टाकत नसत, पण त्यांची बायको न चुकता जायची आणि घरी येऊन सगळं प्रवचन ऐकवायची. मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "मी चाळीस वर्षं आणखी काय करतोय? प्रत्येक शिवणीत दोन बोटं सोडतोय." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की त्यांच्या बायकोला तो ऐकू येईनासा झाला होता. स्वतः गुरुजींचा पांढरा डगला मात्र मास्तरांनी आजवर तीनदा उसवून सैल करून दिला होता, आणि गुरुजींनी त्या मायेबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, आणि दोन्हींच्या मधल्या दारात काकूंची खुर्ची. मास्तर बेतायचे, कापायचे. काकू टीप मारायच्या, काज करायच्या, बटणं लावायच्या. काकूंचं काज बघून दुसऱ्या गल्लीतले शिंपी गपगार होत. असं त्यांचं बरं चाललं होतं, आणि आता काकू मरायला निघाल्या होत्या. मास्तरांना ते कळलं कापड निवडताना.

पण त्याआधी धाकटीचं सांगायला हवं.

मास्तरांना मुली दोन. थोरली आणि धाकटी. दोघींत दोन वर्षांचं अंतर, पण धाकटी अंगाने अशी भरलेली की लोक जुळ्या समजायचे. ती नऊ वर्षांची असताना तापाने तीन दिवसांत गेली. काकू दीड महिना भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दोन घास कुणी भरवले तर खायच्या, नाहीतर नाही. अकरा वर्षांची थोरली त्याच दिवसांत स्टोव्ह पेटवायला शिकली. मास्तरांनी वैद्य केले, डॉक्टर केले, काकूंच्या बहिणीला बोलावून घेतलं, आणि शेवटी हात टेकले.

मास्तर स्वतः कशावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांचा विश्वास टेपवर आणि खडूवर. माणूस मेला म्हणजे कपडा उसवला, एवढंच त्यांचं म्हणणं. उसवल्यावर दोरा कुठे गेला असं कुणी विचारतं का? पण त्या दुपारी बायकोच्या पाठीकडे बघताना त्यांच्या तोंडून भलतंच काहीतरी निघून गेलं. ते म्हणाले, "मागच्या वाढदिवसाचा फ्रॉक तिला आता आखूड होत असेल."

काकूंनी दीड महिन्यात पहिल्यांदा कूस वळवली. "कुणाला?"

"धाकटीला. तिथे काय पोरी वाढत नाहीत?"

काकू उठून बसल्या आणि म्हणाल्या, "माप कुठलं घ्यायचं?"

शिंप्याच्या बायकोलाच सुचावा असा प्रश्न. मास्तरांनीही शिंप्यासारखंच उत्तर दिलं. "थोरलीचं घेऊ. दोन बोटं कमी."

तेव्हापासून दर वर्षी धाकटीच्या वाढदिवसाला एक नवा कपडा. आधी फ्रॉक, मग लांब बाह्यांचे झगे, मग मोठ्या बाईचे ड्रेस. थोरली दर वर्षी दुकानात उभी राहायची, हात पसरायची, मास्तर टेप लावायचे, आणि काकू मापवहीत दोन बोटं कमी करून लिहायच्या. कपडा तयार झाला की मलमलीच्या पिशवीत घालून कपाटात टांगायचा. काकू खऱ्या अर्थाने त्या कपाटावर जगल्या. वर आपली मुलगी वाढतेय, एक दिवस आपण जाऊ तेव्हा ती दारात उभी असेल, आणि आपण हे कपडे तिच्या अंगाला लावून बघू, की बाई, हा तुझ्या सोळाव्या वर्षाचा, हा विसाव्या वर्षाचा. गुरुजींच्या प्रवचनात त्यांना या गोष्टीला आधार मिळायचा, म्हणून त्या तिथे जायच्या. त्या पुन्हा हसू लागल्या, भांडू लागल्या, गिऱ्हाइकांना दरडावू लागल्या. मास्तर मनात म्हणायचे, थाप मारली खरी, पण बायको परत मिळाली. अशी थाप रोज मारायला तयार आहे मी.

सतरा कपडे झाले होते. यंदाचा अठरावा.

गेल्या महिन्यात काकूंना चालताना धाप लागायला लागली, म्हणून मास्तर त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण थोरलीच्याच वयाची होती. तिने समजावून सांगितलं की हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. मास्तर म्हणाले, "म्हणजे काज सैल झालंय. बटण राहत नाही." डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, अगदी तसंच. काज नवं करता येईल, काकूंची बाकीची तब्येत ठणठणीत आहे, पण महिन्याभरात करायला हवं. नाही केलं तर पुढचं वर्ष बघायला मिळेल असं ती सांगू शकत नव्हती. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरी विचार करून सांगते."

त्यावर बारा दिवस गेले. काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही. मास्तर विचारायचे, त्या बटणं लावायच्या. मास्तरांना वाटलं, घाबरलीय, घाबरू दे, चार दिवसांत तयार होईल. मग त्या दिवशी काकूंनी फळीवरचं फिकट जांभळं कापड खाली काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "यंदाचा जरा मनासारखा करा हं. हा शेवटचा."

"शेवटचा का?"

"पुढच्या वर्षी मी तिथेच तिचं माप घेईन की. अंदाजाने शिवायची गरज काय?"

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मास्तरांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. काकूंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रुसवा नव्हता. गावाला निघालेल्या माणसाचा असतो तसा लगबगीचा आनंद होता. आपणच मारलेली थाप अठरा वर्षांनी दारात येऊन उभी राहिली, आणि तिला आता बायको परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चौथ्यांदा डगला सैल करून घ्यायला आले. मास्तरांनी त्यांना आरशासमोर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि एका बाहीला टाचण्या लावून झाल्यावर बाकीच्या हातात काढून घेतल्या.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचारा की. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारताय."

मास्तरांनी सगळं सांगितलं. गुरुजी आरशात स्वतःकडे बघायचे थांबले आणि स्टुलावर बसले. एक बाही टाचलेली, एक लोंबणारी.

"मी असं कधी सांगितलेलं नाही, मास्तर."

"मग काय सांगता?"

"हेच की तिकडे दुःख नाही, आजार नाही, ताटातूट नाही."

"आणि इकडे?"

"इकडे आहे," गुरुजी म्हणाले.

"मग शहाण्या माणसाने इथे थांबावं कशाला?"

गुरुजी माणूस सरळ होते. टाचलेल्या बाहीवरून हात फिरवत म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मीही हेच धरून उभा राहिलो. बुडणाऱ्याला दोर टाकावा तसं मी हे लोकांना देत आलो. तो दोर कुणाच्या गळ्यात अडकेल असं मनात आलं नाही." मग ते उठले. "मी बोलतो त्यांच्याशी."

टाचण्यांसकट ते मागच्या खोलीत गेले. मास्तर मशीनजवळ बसून कान देत राहिले, पण नुसते कपबशीचे आवाज ऐकू आले. पंधरा मिनिटांनी गुरुजी बाहेर आले तेव्हा ते मार खाल्लेल्या पोरासारखे दिसत होते.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तुम्हीच सांगता ना गुरुजी, माया सोडा. सोडली." गुरुजींनी डगला काढून मास्तरांच्या हातात दिला. "आणि मला चहा दिला. चांगला होता."

आता उरला एकच उपाय. शनिवारी दुपारी मास्तरांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि काकूंच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले. त्यांना माहीत होतं की आता आपण जे करणार आहोत त्याने ही बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. पण पडलेली तरी इथे असेल. त्यांनी रात्री अंथरुणात वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"अगं, तो फ्रॉक आखूड होत असेल असं मी म्हणालो होतो ना. तेव्हा."

"हं."

"ते मी आपलं बोलून गेलो. मला काही माहीत नव्हतं. तिथे कोण वाढतं, कोण नाही, तिथे मुळात काही आहे का, मला काही एक माहीत नाही. तू उठावंस म्हणून बोललो. थाप होती ती."

काकू सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी तो ओवला, टोकाला गाठ मारली आणि म्हणाल्या, "माहितीय मला."

"काय माहितीय?"

"तुम्हाला थाप मारता येते का? तुमच्या हातातला खडू तेव्हा मोडला होता. दोन तुकडे झाले होते. लग्नाला बारा वर्षं झाली होती तेव्हा, एवढं कळणार नाही होय मला?"

"मग?"

"मग काय? तुम्ही पायरी टाकलीत, मी तिच्यावर पाय दिला. पुढचं मी माझं चालत गेले. आता ती पहिली पायरी लाकडाची होती की कागदाची, हे मागे वळून कशाला बघू?" त्यांनी सुई कापडात खोचली. "तुमचा विश्वास नाही, नका ठेवू. मी कधी बळजबरी केलीय? पण मला ती दिसते हो. रोज दिसते."

मास्तरांची हयातभराची एकुलती एक थाप, आणि तीही पहिल्याच दिवशी पकडली गेली होती. त्यांना लाज वाटली, आणि इतकं भरून आलं की ते उठून उगाच कात्रीला तेल घालत बसले.

रविवारी थोरली माप द्यायला आली. थोरली जमीनमोजणीच्या कार्यालयात कामाला होती. बापाची टेप दीड मीटरची, लेक अख्खीच्या अख्खी शेतं मोजायची. स्वभावाने कमी बोलणारी. लहानपणी जिने कुणी न सांगता स्टोव्ह पेटवला ती मुलगी मोठी होऊन अशीच होणार. मास्तरांनी तिला दारातच गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. झडप, बारा दिवस, जांभळं कापड. तिने सगळं ऐकून घेतलं, चपला काढल्या, जागेवर नीट ठेवल्या आणि आत आली.

"आलीस?" काकू म्हणाल्या. त्यांनी मापवही मांडीवर उघडून ठेवलीच होती. "उभी राहा. अहो, टेप घ्या."

थोरली उभी राहिली, पण तिने हात पसरले नाहीत. "मी यंदा माप देणार नाही, आई."

"म्हणजे?"

"तिचं तिचं घे ना. तू जाणारच आहेस म्हणे."

काकूंनी मास्तरांकडे अशा नजरेने पाहिलं की मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा आधार घेतला.

"तुला राग आलाय," काकू म्हणाल्या. "अगं, मी काय आनंदाने..."

"आनंदानेच. बाबांनी सांगितलं मला." थोरलीचा आवाज चढला नव्हता. ती शेताची हद्द सांगावी तशी बोलत होती. "अकरा वर्षांची असल्यापासून मी इथे उभी राहतेय. कधी नाही म्हटलं नाही. मला वाटायचं, ह्याने आई उठून बसते तर उभं राहायला माझं काय जातं? परीक्षेच्या दिवशीही उभी राहिले. पण तुझ्या एक ध्यानात आलं नाही. तिला दर वर्षी नवा कपडा मिळाला. मला जुनाच उसवून मोठा करून मिळाला."

"कापड परवडायचं नाही तेव्हा दोघींना," मास्तर मध्येच म्हणाले.

"मला माहितीय, बाबा. मी तेव्हाही कुठे मागितलं?" ती आईकडे वळली. "तू माझ्यासाठी थांब असंही मी म्हणणार नाही. फक्त तिथे जायला माझं माप घेऊन जाऊ नकोस." एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली आणि चहाचं आधण ठेवायचा आवाज आला. भांडं जरा जोरात ठेवलं, एवढाच तिचा राग.

काकू वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत बसल्या. मग त्या उठल्या. माणूस हट्टाला पेटला की हातांना काम देतो. त्यांनी कपाट उघडलं आणि गेल्या वर्षीचा ड्रेस मलमलीच्या पिशवीतून बाहेर काढला.

"नाही तर नाही. हा उलटा करून ह्याच्यावरून माप घेते," त्या मास्तरांना म्हणाल्या. "टेबल रिकामं करा."

इस्त्रीचं टेबल रिकामंच होतं. त्याच्यावर निळं जुनं फडकं अंथरलेलं होतं, इस्त्रीखाली घालायचं. काकूंनी त्यावर ड्रेस उलटा पसरला आणि बाजूची शिवण बोटांनी उघडली. आत माया होती. कोरी, सरळ, काठोकाठ. कात्रीने कापल्यावर हात न लागलेली.

टीप मारताना त्यांना हे कधी खटकलं नव्हतं. "ह्याच्यात माया का सोडलीत?" त्यांनी विचारलं. "हा कोण उसवणार होतं?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "हात ऐकत नाही ना माझा."

काकूंनी दुसरा ड्रेस काढला, तिसरा काढला. टेबलावर एकावर एक उलटे पसरत गेल्या. सगळ्यांत दोन-दोन बोटं माया, एकाही शिवणीला दुसऱ्या टिपेचा डाग नाही. सातव्या की आठव्या ड्रेसला टेबल पुरेना, म्हणून त्यांनी खालचं निळं फडकं ओढलं. ओढताना ते हातात उलटं झालं आणि त्या थांबल्या.

ते फडकं नव्हतं. थोरलीचा शाळेतला फ्रॉक होता, मागून कापून सपाट केलेला. एका बाजूची शिवण अजून शाबूत होती. काकूंनी ती उजेडात धरली. टिपेच्या बाहेर सुईच्या भोकांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या पलीकडे एक. तीनदा उसवलेला, तीनदा सोडलेला. शेवटची टीप कापडाच्या अगदी कडेवर होती. त्यापुढे धागेच. ही सगळी उसवण काकूंनीच केली होती, स्वतःच्या हातांनी, आणि त्यातल्या एकाही वेळची त्यांना आठवण नव्हती. धाकटीचा प्रत्येक कपडा मात्र त्यांना तोंडपाठ होता. कुठल्या वर्षी कुठला रंग, कुठल्या गळ्याला कुठली पट्टी.

त्या खुर्चीत बसल्या. फ्रॉक मांडीवर होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिच्यातली संपली हो सगळी."

मास्तरांना काय संपली ते विचारावं लागलं नाही. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच उभे राहिले. काकू रडल्या. अठरा वर्षांत त्या धाकटीसाठी पुष्कळ रडल्या होत्या, पण आज त्या दुसऱ्या मुलीसाठी रडत होत्या, आणि हे मास्तरांना न सांगता कळलं, कारण त्या रडताना मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या.

थोरली चहा घेऊन दारात आली ती तिथेच थबकली. काकूंनी पदराने तोंड पुसलं, उठल्या, मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कप खाली ठेव. हात पसर."

"आई, मी सांगितलं ना..."

"तुझं माप घेतेय गं. तुझं, तुझ्यासाठी. जांभळा तुला उठून दिसेल. मला हे आधी सुचायला हवं होतं."

थोरलीने कप ठेवला. तिने हात पसरले आणि मोजणी करणाऱ्या मुलीसारखी सरळ उभी राहिली. काकूंनी स्वतः माप घेतलं. खांदा, छाती, कंबर, बाही. अठरा वर्षं त्या वहीकडे बघत लिहीत आल्या होत्या. आता त्यांना मुलीच्या कानामागचा तीळ दिसला, केसात एक पांढरा केस दिसला. त्यांनी तो बोटाने बाजूला केला. मास्तर वही घेऊन बसले होते आणि सांगतील ते लिहीत होते. शेवटी सवयीने त्यांनी विचारलं, "दोन बोटं कमी ना?"

"काही कमी करायचं नाही," काकू म्हणाल्या. "आहे तेवढंच लिहा."

"आणि माया?"

"चार बोटं सोडा."

"चार?" मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी कधी चार सोडली नव्हती. "शिवण जाड होईल."

"होऊ दे. पोरी वाढतात."

"आई, मी एकोणतीस वर्षांची आहे," थोरली म्हणाली. ती आता हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "आता कुठे वाढणार मी?"

"वाढशील. मला बघायचंय." काकूंनी टेप गुंडाळली. "ट्रायलला कधी बोलवायचं, अहो? बिनट्रायलचा कपडा तुम्ही देत नाही."

मास्तरांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोटाने घरं मोजू लागल्या. "डॉक्टरीण म्हणाली होती महिन्याच्या आत. म्हणजे हा आठवडा नाही, पुढचा. मग टाके वाळायला पंधरा दिवस. त्याच्या पुढचा रविवार." त्या मागे वळल्या. "त्या रविवारी ये. मी टाचण्या लावीन. बाबा तुझे फार टोचतात."

थोरलीने मान हलवली. मग जपून विचारलं, "आणि ती?"

काकूंनी टेबलावर उलट्या पसरलेल्या कपड्यांकडे पाहिलं. एकेक उचलून सरळ करत, घडी घालत त्या म्हणाल्या, "ती थांबेल. तिच्याकडे सतरा आहेत, आणि सगळ्यांत तुझ्या बाबांनी माया सोडलीय. तिला काही कमी पडत नाही." शेवटचा ड्रेस पिशवीत घालून त्यांनी कपाट लावलं, निळा फ्रॉक मात्र बाहेरच ठेवला, आणि मास्तरांना दवाखान्यात फोन लावायला सांगितला.